ऋतूचे गाणे आणि लाखेची तबकडी

नाताळ जवळ आला की पाश्चात्य देशांतील ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतून बिंग क्रॉस्बी यांचा आवाज पुन्हा विक्रीस येतो. या गायकाला निवर्तून आज बराच काळ लोटला; १९७७ साली ते वारले. तथापि त्यांची नाताळगीते व्हिनाइलच्या नव्या तबकड्यांवर, कधी रंगीत, कधी मूळ वेष्टनाची हुबेहूब नक्कल करून, पुनःपुन्हा बाजारात येतात आणि शौकीन मंडळी त्या संग्रहासाठी विकत घेतात. अमेरिकेत २०२० साली अशा तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीच्या उत्पन्नाहून अधिक झाले. १९८० च्या दशकानंतर असे प्रथमच घडले. जी वस्तू कालबाह्य म्हणून माळ्यावर गेली होती, तीच आता दिवाणखान्यात मानाने मांडली जाते. तबकडी वाजविण्याचे यंत्र घरी नसतानाही ती विकत घेणारे ग्राहक आहेत असे सांगतात; पोथी न वाचता तिची पूजा करणारी घरे आपण पाहिली असल्यामुळे आम्हांस याचे फारसे नवल वाटत नाही.

साहेबांच्या सणाची ही गाणी काशीस राहणाऱ्या मराठी माणसाने कशासाठी मनावर घ्यावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर थोडे लांबून द्यावे लागेल, आणि वाचकांस आमच्याबरोबर प्रथम अमेरिकेत, मग मिर्झापुरास आणि अखेरीस भोसले घाटाच्या पायऱ्यांवर यावे लागेल.

क्रॉस्बी यांचे सर्वांत गाजलेले नाताळगीत ‘व्हाइट ख्रिसमस’. ते रचणारे आयर्व्हिंग बर्लिन हे धर्माने ज्यू आणि लहानपणी रशियाच्या साम्राज्यातून अमेरिकेस आलेले. म्हणजे नाताळ हा त्यांच्या घरचा सणच नव्हे. १९४१ च्या नाताळात क्रॉस्बींनी हे गीत नभोवाणीवरून गायिले, २९ मे १९४२ रोजी त्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि त्याच वर्षी ‘हॉलिडे इन’ या चित्रपटातून ते सर्वतोमुखी झाले. बर्फाच्या आठवणीचे हे गाणे मे महिन्याच्या अखेरीस मुद्रित झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. महायुद्धाचे दिवस होते; घरापासून दूर पडलेल्या सैनिकांनी ते गाणे उचलून धरले. क्रॉस्बी मायक्रोफोनजवळ तोंड नेऊन, कानाशी बोलावे तसे गात. पूर्वीच्या गायकांस कर्ण्यात ओरडावे लागे. १९२५ च्या सुमारास विजेवरचे मुद्रण आले आणि कुजबुजीलाही तबकडीवर स्थान मिळाले. आपल्याकडील भावगीतही याच यंत्राचे अपत्य होय, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

पण आम्हांस सांगावयाचे आहे ते पुढे घडले. ध्वनिमुद्रिका कशी होते? मेणाच्या चकतीवर आवाजाची रेघ कोरली जाते. तिच्यावर धातूचा मुलामा चढवून उलटा ठसा घेतात. त्यावरून सुलटा, आणि सुलट्यावरून पुन्हा उलटे ठसे करून त्यांनी तबकड्या दाबतात. ठसा धातूचा असला तरी झिजतो. या गाण्याच्या इतक्या प्रती निघाल्या की मूळ ठसाच झिजून गेला, आणि मार्च १९४७ मध्ये क्रॉस्बी यांना तेच गाणे, त्याच वाद्यवृंदाच्या साथीने, होता होईल तो त्याच ढंगाने पुन्हा गावे लागले. आज जगभर जे ऐकू येते ते बहुधा हे दुसरे गाणे. गिनीजच्या नोंदीप्रमाणे त्याच्या अंदाजे ५ कोटी प्रती खपल्या. पण १९४२ च्या युद्धात सैनिकांनी ऐकलेला आवाज तो हा नव्हे.

आता त्या तबकडीच्या द्रव्याकडे वळू. व्हिनाइल येण्यापूर्वी, म्हणजे मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांच्या काळी, तिचा गाभा असे दगडाची बारीक पूड आणि काजळी यांचा. आणि तो सारा एकत्र धरून ठेवणारे द्रव्य म्हणजे आपली लाख. पळस, बोर, कुसुंब या झाडांवरच्या किड्यांनी केलेली ही राळ छोटा नागपुराच्या रानांतून गोळा होई, आणि ती गाळून तिचा चपडा करण्याचे एक मोठे ठाणे एकोणिसाव्या शतकात मिर्झापूर हे होते. मिर्झापूर काशीहून पाऊणशे किलोमीटरदेखील नाही. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने युद्धाकरिता लाख राखून ठेवण्याचा हुकूम काढला आणि ध्वनिमुद्रिकांच्या वाट्याची लाख ७० टक्क्यांनी कमी केली. क्रॉस्बींचे मुद्रण त्यानंतर दीड महिन्याने झाले. सैन्यासाठी पुढे ज्या तबकड्या निघाल्या त्या व्हिनाइलच्या, कारण लाख मिळेना आणि लाखेची तबकडी प्रवासात फुटे. आज ज्या व्हिनाइलचे इतके कौतुक चालले आहे, त्याच्या प्रसारास आपल्याकडील लाखेची टंचाई थोडीबहुत कारण झाली आहे.

मिर्झापुरास लाखेखेरीज आणखी एका गोष्टीची ख्याती आहे. ती म्हणजे कजरी. श्रावणाचे मेघ दाटून आले की तेथील बायका कजरी गातात. पूरबच्या या मुलखात प्रत्येक ऋतूला त्याचे गाणे वाटून दिलेले आहे: फाल्गुनात होरी, चैत्रात चैती, पावसाळ्यात कजरी आणि झूला. ज्याचा ऋतू त्याचेच गाणे, असा येथला दंडक. मिर्झापूरच्या लाखेवर मिर्झापूरची कजरी मुद्रित होऊन कलकत्त्याच्या कारखान्यातून परत मिर्झापूरच्या बाजारात आली, तेव्हा हा दंडक मोडला. चावी फिरविली की पौषातही कजरी वाजू लागली.

भोसले घाट मणिकर्णिकेहून पंचगंगेकडे जाताना लागतो. नागपूरकर भोसल्यांनी तो अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधविला. वर लक्ष्मीनारायणाचे मंदिर, जवळच यमेश्वर आणि यमादित्य, आणि पाण्यातून उभ्या उठलेल्या, किल्ल्याच्या तटासारख्या भिंती. हा सारा किनाराच आपल्या लोकांच्या नावांनी भरलेला आहे: अलीकडे शिंदे घाट, पलीकडे अमृतराव पेशव्यांशी निगडित गणेश घाट, मग जटार घाट, ग्वाल्हेरच्या राजाचा घाट, बालाजी घाट. बदली होऊन आलेला मराठी अधिकारी येथून फिरू लागला की त्याला क्षणभर परगावी असल्याचे विसरते. या बालाजी घाटावरील मंदिरातच बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. पुढे त्यांच्या तबकड्या आपल्या लग्नमंडपांत अशा काही शिरल्या की दादर-गिरगावात वाजंत्री न बोलावताही मुहूर्ताची सनई वाजू लागली. घाट मराठी, सनई काशीची, आणि लग्न पुणे-मुंबईचे!

घाट दगडाचे असल्यामुळे उरले. त्यांच्यासमोरून जे वाहत गेले त्यातले काय उरले, हा खरा प्रश्न. होळीनंतरच्या मंगळवारी काशीत ‘बुढवा मंगल’ भरे. राजेरजवाडे, सावकार, रईस यांचे बजरे शृंगारून गंगेत सोडले जात. त्यांवर गाद्या, गुलाबपाणी, दिव्यांच्या रांगा आणि मधोमध गाणाऱ्या स्त्रिया. त्या रात्री चैती गायिली जाई. चैती हा काही मोठा राग नव्हे. वसंत ओसरत असताना दूर असलेल्या प्रियकरासाठी म्हटलेले ते साधे गाणे, आणि त्यात ‘रामा’ हे संबोधन पुनःपुन्हा येते, कारण चैत्र हा रामजन्माचा महिना. ज्याला बजऱ्यावर निमंत्रण नसे त्याला पायऱ्या होत्या. भोसले घाटाची चढण, तिच्यावर बसलेले श्रोते, आणि पाण्यावरून जवळ येऊन दूर जाणारा आवाज: काशीच्या सामान्य माणसाची मैफल अशीच असावयाची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा उत्सव मोडत गेला. पुढे तो पुन्हा भरविण्याचे यत्न झाले, आणि होतातही, पण बजरे बाळगणारे रईस आणि चौकातील दालमंडीच्या माड्यांवरील त्या गायिका यांचा जो संसार होता, तो परत येणारा नव्हता.

तबकडी या संसारात नेमकी वेळेवर आली म्हणावयाची. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग नावाच्या मुद्रणकाराने कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी पहिली भारतीय मुद्रणे केली. त्यांतील प्रसिद्ध नाव गौहरजान यांचे. त्यांचा जन्म आझमगडचा, बालपणाची काही वर्षे बनारसची. त्यांच्या आईने, मलकाजान यांनी, येथेच गायिका म्हणून नाव मिळविले आणि १८८३ साली मुलीसह कलकत्ता गाठले. मुद्रणाचे मेण जर्मनीत हॅनोवर येथे जाई व तबकड्या तेथून दाबून येत. तेथल्या कारागिरांस ओळख पटावी म्हणून गाण्याच्या शेवटी गौहरजान इंग्रजीत आपले नाव उच्चारीत. १९०८ साली कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाल्यावर ही दूरची फेरी संपली. गाणाऱ्या स्त्रियांनी यंत्राचे स्वागत केले. थोरथोर उस्तादांनी बराच काळ नाके मुरडली. याचा हिशेब आपल्या मराठी संगीतालाही चुकवावा लागला आहे. अल्लादिया खाँ यांनी मुद्रण होऊ दिले नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले ते आपला स्वर बरोबर घेऊनच. आणि भाऊराव कोल्हटकर फेब्रुवारी १९०१ मध्ये वारले, गैसबर्गची बोट कलकत्त्यास लागण्यापूर्वी अवघे पावणेदोन वर्षे. ज्या आवाजासाठी महाराष्ट्र वेडा झाला, त्याची आज आपल्यापाशी केवळ वर्णने आहेत.

तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावतात. रात्रभर फुलणारी चैती या तीन मिनिटांत बसवावयाची म्हणजे बोल बनविण्याचा विस्तार गेला, श्रोत्यांच्या दादेला दिलेले उत्तर गेले. उरला तो अर्क. काही गायिकांनी हा अर्क इतका नेमका काढला की तोच पुढे त्या गाण्याचे प्रमाण रूप ठरला. शिवाय गाणे एकदा ऋतूपासून सुटले की कोठेही जाऊ लागते. मराठी वाचकांस हे वेगळे सांगावयास नको. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. त्यासाठी गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याच्या, कजरी-होरीच्या वळणाच्या चाली मराठीत आणल्या. आपल्या आजोबांनी ज्या पदांना वन्समोअर दिले त्यांच्या खाली गंगेकाठचे श्रावण आणि फाल्गुन दडलेले होते. पुण्याच्या थिएटरात त्यांना महिना नव्हता, तिथी नव्हती. होते ते केवळ माधुर्य. यात आम्हांस गैर काहीच दिसत नाही. परंतु गाण्याचा प्रवास ज्या क्रमाने झाला तो क्रम विसरला जाऊ नये, इतकेच.

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा प्रपंच मांडला तिच्याकडे येऊ. रसूलनबाई या बनारस अंगाच्या अत्यंत थोर गायिका. १९३५ साली त्यांनी ‘फुलगेंदवा’ या नावाने ओळखली जाणारी भैरवीतील ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर दिली. नायिका प्रियकराला सांगते की, फुलांचा चेंडू मारू नकोस, लागते. कोठे लागते? या मुद्रणात ‘जोबनवा’ हा शब्द होता, म्हणजे यौवनभराने उभारलेले अंग. पुढे रसूलनबाई हीच ठुमरी मैफलींत आणि नभोवाणीवर गात राहिल्या, पण त्या शब्दाच्या जागी ‘करेजवा’, म्हणजे काळीज, हा शब्द आला. लोकांच्या ओठी बसली ती ही दुसरी ठुमरी. १९६४ च्या ‘दूज का चाँद’ या चित्रपटात मन्ना डे यांनी तिच्यावर बेतलेले गाणे म्हटले तेही विनोदी प्रसंगी, आणि तेथेही काळीजच. पहिला शब्द जवळजवळ नाहीसा झाला. २००९ साली चित्रपटकार सबा दिवाण यांनी ‘द अदर साँग’ या आपल्या माहितीपटात या हरवलेल्या शब्दाचा माग घेतला, तेव्हा कोठे अनेकांस कळले की असा एक शब्द होता.

एक शब्द बदलला तर असे काय बिघडले, असे म्हणता येईल. पण तो का बदलला हे पाहू गेल्यास पाव शतकाचा इतिहास उघडतो. समाजसुधारणेच्या चळवळीने माड्यांवरचे गाणे निंद्य ठरविले होते. १९४६ साली नभोवाणीचे खाते सरदार पटेलांकडे असताना, ज्यांचे खाजगी आयुष्य लोकापवादास पात्र आहे अशा गायिकांस नभोवाणीचे दार बंद करण्यात आले. पुढे १९५२ ते १९६२ हे खाते डॉ. बा. वि. केसकर यांच्याकडे होते. ते पुण्याचे, आणि काशी विद्यापीठाशी त्यांचा निकटचा संबंध. संगीत शिष्ट, सुशिक्षित समाजाच्या हाती यावे, असा त्यांचा आग्रह. अखिल भारतीय संगीतसभा त्यांच्याच काळात नभोवाणीवर सुरू झाली आणि शास्त्रीय संगीत घरोघर पोचले, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. मात्र या शिष्टतेच्या चौकटीत ज्यांनी हे गाणे शतकभर सांभाळले त्या स्त्रियांना शब्द गाळून आत यावे लागले, हेही तितकेच खरे. रसूलनबाईंनी १९४८ साली मुजरा सोडला, माडी सोडली, लग्न केले. १९५७ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. १९६९ च्या दंगलीत अहमदाबादेतील त्यांचे घर जळाले. १९७४ साली त्या वारल्या. सन्मानपत्र आणि जळके घर यांमध्ये अवघी बारा वर्षे आहेत.

क्रॉस्बींचे १९४७ चे गाणे आणि रसूलनबाईंची दुसरी ठुमरी ही दोन्ही नकलाच. मात्र दोहोंत फार अंतर आहे. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो, त्यामुळे मूळ कागद आणि नक्कल यांतला भेद आमच्या अंगवळणी पडलेला आहे. मूळ कागद जीर्ण झाल्यामुळे ‘अस्सलबरहुकूम’ शेरा मारून केलेली नक्कल ही एक गोष्ट. आणि मसुद्यातला एखादा शब्द वरिष्ठांच्या नजरेस बरा दिसावा म्हणून बदलून केलेली स्वच्छ प्रत ही दुसरी. पहिलीत मूळ गेले तरी मजकूर राहतो. दुसरीत मजकूरच बदलतो, आणि स्वच्छ प्रत फाइलीस लागल्यावर मसुदा केराच्या टोपलीत जातो. इतिहासकाराला हवा असतो तो नेमका मसुदा.

म्हणूनच जुन्या गाण्यांची पुनर्मुद्रणे पाहताना आम्हांस आनंदाबरोबर थोडी धास्तीही वाटते. काय पुन्हा छापावयाचे हे विकणारा ठरवितो, आणि त्याला खप पाहावा लागतो. क्रॉस्बींच्या गाण्यास दरसाल नवी तबकडी मिळते, कारण नाताळ दरसाल येतो आणि गिऱ्हाईकही येते. चैत्रही दरसाल येतो. पण चैतीसाठी दुकानापुढे कोण उभे राहणार? आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीने, जिला २००० सालापासून ‘सारेगामा’ हे नाव आहे, व्हिनाइलच्या तबकड्या पुन्हा विक्रीस आणल्या. त्यांत चित्रपटगीतांचा भरणा मोठा असणे क्रमप्राप्तच आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील शास्त्रीय व उपशास्त्रीय गाणे तिने मागे ध्वनिफितींवर आणि सीडीवर काढले होते, त्याबद्दल रसिक तिचे ऋणी आहेत. पण ज्या गाण्याचे धातूचे ठसे उरले नाहीत, ते पुन्हा छापावयाचे झाल्यास कोणाच्या तरी घरी जपलेली तबकडीच हुडकावी लागते. या कामी ज्यांनी खस्ता खाल्ल्या ते बहुतेक हौशी लोक. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली; डॉ. सुरेश चांदवणकर यांनी आपला पदार्थविज्ञानाचा व्यवसाय सांभाळून तिचा भार वाहिला आणि तिच्या नियतकालिकातून मराठी-हिंदी तबकड्यांच्या याद्या व कलावंतांचे वृत्तांत प्रसिद्ध केले. चोरबाजारात वजनावर विकल्या जाणाऱ्या मालातून ही मंडळी आपले आवाज वेचीत होती.

आणि आमची स्वतःची ऋतूची गाणी? हादग्याची, भोंडल्याची, नागपंचमीच्या फेराची, कार्तिकातल्या काकड्याची? त्यांच्या वाट्यास तबकडी क्वचितच आली. जी आली ती बहुधा नाटक-चित्रपटाच्या वेषात. परप्रांती राहिलेल्या घरांतून ती आईकडून मुलीकडे गेली, आणि जेथे मुलीची भाषा बदलली तेथे थांबली. या बाबतीत काशीच्या चैतीचे नशीब आमच्या भोंडल्यापेक्षा पुष्कळच बरे म्हणावे लागेल.

बदलीच्या सामानात पिढ्यान्‌पिढ्या फिरलेल्या पेट्या या मासिकाच्या वाचकांच्या घरी पुष्कळ असतील. नागपूरहून जबलपूर, तेथून दिल्ली, मग काशी. त्यांत गोणपाटाखाली लाखेच्या तबकड्या निघाल्या तर त्या आडव्या रचू नयेत; खालच्या वाकतात आणि तडकतात. उभ्या ठेवाव्या, उन्हापासून दूर, आणि स्पिरिटने मात्र कदापि पुसू नयेत, कारण लाख स्पिरिटात विरघळते. लेबलावर गाण्याचे आणि गायिकेचे नाव असते, ते तर सर्वच वाचतात. लेबलाच्या कडेला, रेघा संपतात तेथल्या गुळगुळीत पट्ट्यात, उजेडात तिरपे धरल्यास एक बारीक क्रमांक कोरलेला दिसतो. तो मुद्रणाचा क्रमांक. तेच गाणे, तेच नाव, तेच लेबल असूनही हा क्रमांक निराळा असला तर मुद्रण निराळे. १९४२ चे की १९४७ चे, पहिल्या शब्दाचे की दुसऱ्या, याचा छडा पुष्कळदा तेथूनच लागतो. पेटी उघडताच प्रथम तो उतरून घ्यावा.